'आयुष्मान' : एका संबोधनाचा इतिहास आणि अर्थ

बौद्ध समाजातील कोणतीही लग्नपत्रिका, वर्षावासातील प्रवचनमालेचे पत्रक किंवा विहाराच्या दानदात्यांची यादी हाती घेतली, तर नावाआधी 'आयु.' ही दोन अक्षरे हमखास आढळतात. वराच्या नावाआधी 'आयुष्मान' आणि वधूच्या नावाआधी 'आयुष्मती' असे लिहिले जाते. पुष्कळदा 'आयुष्यमान' असेही लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या 'आयुष्मान' हे रूप शुद्ध असले, तरी लोकांनी 'आयुष्य' हा ओळखीचा शब्द त्यात पाहिला आणि रूप बदलले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने नावांआधीची जुनी बिरुदे एकेक करून बाजूला सारली आणि हे संबोधन स्वीकारले. आज ते इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

परंतु एक आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. 'चिरंजीव' म्हणजे दीर्घकाळ जगणारा आणि 'आयुष्मान' म्हणजेही दीर्घायुषी. मग एक आशीर्वाद काढून त्या जागी दुसरा बसविल्याने साधले काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. ते हे शब्द कोणी कोणाला उद्देशून वापरले, याच्या इतिहासात शोधावे लागेल. प्रस्तुत लेखात आम्ही तसा प्रयत्न करीत आहोत. पालि वाङ्मयापासून नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांपर्यंत आणि तेथून त्याच जिल्ह्यातील हरसूलच्या डोंगराळ मुलखापर्यंत हा शोध आपल्याला नेतो.

पालि वाङ्मयातील 'आयस्मा'

संस्कृतातील 'आयुष्मत्' या शब्दाचे पालि रूप 'आयस्मन्तु' असून त्याची प्रथमा 'आयस्मा' अशी होते. सुत्तपिटकात आणि विनयपिटकात आयस्मा आनंद, आयस्मा सारिपुत्त, आयस्मा महाकस्सप असे उल्लेख पानोपानी येतात. भिक्खू एकमेकांना हाक मारताना जो 'आवुसो' शब्द वापरीत, तोही याच शब्दाचे झिजलेले रूप होय. ऋषिपतनात पंचवर्गीय भिक्खूंनी तथागतांना प्रथम 'आवुसो' म्हणूनच हाक मारली होती आणि तथागतांनी त्यांना तसे न करण्यास सांगितले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

महापरिनिब्बान सुत्तात या संबोधनांविषयी तथागतांनी दिलेली एक सूचना नोंदविली आहे. आपल्या पश्चात ज्येष्ठ भिक्खूंनी कनिष्ठांना नावाने, गोत्राने किंवा 'आवुसो' असे संबोधावे आणि कनिष्ठांनी ज्येष्ठांना 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे संघात क्रम होता. परंतु तो उपसंपदेच्या काळावरून ठरत होता. जन्माला त्यात स्थान नव्हते. शाक्य कुमारांनी प्रव्रज्या घेताना आपला नापित उपालि याला आधी दीक्षा द्यावी, अशी स्वतःच विनंती केली. त्याला वंदन करावे लागले म्हणजे आपला कुलाभिमान गळून पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. तोच उपालि पुढे 'आयस्मा उपालि' या नावाने विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. निर्माल्य झाडून पोट भरणारा सुनीतही असाच थेर झाला आणि थेरगाथेत त्याचे उद्गार जपले गेले. ज्याच्या आयुष्याची समाजाने कधी चिंता वाहिली नव्हती, त्याला संघात 'आयस्मा' म्हणून हाक मारली गेली. या शब्दाच्या इतिहासातील ही पहिली मोठी घटना होय.

मनुस्मृतीतील अभिवादन

हाच शब्द ब्राह्मणी परंपरेत कोणाच्या वाट्याला आला, हे आता पाहू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादनाचे नियम आहेत. अभिवादन करणाऱ्या विप्राला 'आयुष्मान हो' असे प्रत्युत्तर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे कुशल विचारण्याचे शब्दही वर्णानुसार वाटून दिले आहेत: ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य विचारावे. याच अध्यायात मुलांची नावे कशी ठेवावीत, हेही सांगितले असून शूद्राचे नाव जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा नियम आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्या ग्रंथात साधे 'कसे आहात' हे विचारणेसुद्धा जातिबद्ध होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अस्पृश्य गणल्या गेलेल्यांचा तर या व्यवस्थेत विचारच नव्हता. महाराष्ट्रात महारांनी 'जोहार मायबाप' म्हणत लवावे, अशी रीत होती. ज्याला 'आयुष्मान हो' असे कोणी कधी म्हटले नाही, त्याने विसाव्या शतकात 'जोहार' टाकून 'जय भीम' स्वीकारला आणि धम्मदीक्षेनंतर स्वतःच्याच नावाआधी 'आयुष्मान' लिहिले. आमच्या मते, केवळ एक आशीर्वाद बदलून दुसरा घेतला, असे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते. 'चिरंजीव' हा वडिलधाऱ्याने धाकट्याला दिलेला आशीर्वाद आहे. 'आयुष्मान' हे आपल्या व्यवहारात समानाने समानाला दिलेले संबोधन आहे.

स्त्रीच्या नावाआधीचा शब्द

मराठीत दीर्घायुष्याची इच्छा दर्शविणारे शब्द थोडे नाहीत. 'उदंड आयुष्य लाभो', 'शतायुषी व्हा', 'औक्षवंत हो' हे घराघरांत ऐकू येतात. परंतु रूढ पत्रिकेतील शब्दांकडे बारकाईने पाहिले, तर एक विषमता दिसते. वर 'चि.' असतो आणि वधू 'चि. सौ. कां.', म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असते. विवाहानंतर तिचा 'चिरंजीव' गळतो आणि ती 'सौ.' होते. तिला मिळणारा 'अखंड सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद वस्तुतः पतीच्या दीर्घायुष्याचा असतो. पती निवर्तला की तिच्या नावाआधी 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी, असे लिहिले जाई. औक्षणाचे तबक हातात धरणारी बहुधा स्त्री असते. ओवाळला जातो तो भाऊ किंवा पती. तिच्या स्वतःच्या आयुष्याची प्रार्थना या साऱ्या शब्दसंभारात जवळजवळ कोठेच नाही.

'आयुष्मती' या शब्दाने ही रचना मोडली. अविवाहित, विवाहित, विधवा अशा कोणत्याही अवस्थेत तो बदलत नाही. तो स्त्रीच्या स्वतःच्या आयुष्याविषयी बोलतो. कित्येक बौद्ध कुटुंबांत अजूनही विवाहानंतर 'सौ.' लिहिण्याची सवय टिकून आहे. तेथे आपण काय गमावतो, याचा विचार व्हावा. मृत व्यक्तीच्या नावाआधी लिहावयाच्या शब्दांतही असेच परिवर्तन घडले. 'कैलासवासी', 'वैकुंठवासी' आणि 'स्वर्गीय' हे शब्द मृताला कोणत्या ना कोणत्या लोकी पाठवितात. 'कालकथित' हा आपल्यात रूढ झालेला शब्द पालीतील 'कालकत' या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ ज्याने आपला काळ पुरा केला तो, इतकाच आहे.

शिंकेची कथा

आशीर्वादाने आयुष्य वाढते काय? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या प्रश्नाचे उत्तर एका साध्या प्रसंगातून दिले आहे. तथागत उपदेश करीत असताना त्यांना शिंक आली. भिक्खूंनी मोठ्याने त्यांच्या आयुष्याची कामना केली आणि त्या गलक्याने उपदेशात खंड पडला. तथागतांनी विचारले की, असे म्हटल्यामुळे कोणी जगेल किंवा मरेल काय? भिक्खूंनी 'नाही' असे उत्तर दिले. तेव्हा शिंकेनंतर असे म्हणू नये, असा नियम करण्यात आला. पुढे भिक्खू शिंकले की, उपासक त्यांना 'चिरकाल जगा' म्हणू लागले. नियमाला भिऊन भिक्खू गप्प राहत आणि लोक नाराज होत. तेव्हा तथागतांनी सांगितले की, गृहस्थांना मंगल वचने प्रिय असतात. ते तसे म्हणतील, तेव्हा त्यांनाही चिरकाल जगण्याची शुभेच्छा द्यावी.

या छोट्या कथेत धम्माची दोन अंगे दिसतात. शब्दाच्या अंगी आयुष्य वाढविण्याची शक्ती नाही, हे तथागत निःसंदिग्धपणे मान्य करून घेतात. त्याचबरोबर माणसामाणसांतील सद्भाव शब्दाने व्यक्त होतो, म्हणून तो शब्द तोडूनही टाकत नाहीत. आपण 'आयुष्मान' लिहितो, ते या दुसऱ्या अर्थाने. अश्वत्थामा, बळी, हनुमान, परशुराम इत्यादींना चिरंजीव मानणाऱ्या कल्पनेशी त्याचा संबंध नाही. स्वतः तथागत वयाच्या ८० व्या वर्षी परिनिर्वाण पावले आणि आपला देह आता जुन्या, दोऱ्यांनी बांधून चालविलेल्या गाड्यासारखा झाला आहे, असे त्यांनी आनंदाला सांगितले. मरण चुकविणे हा धम्माचा विषय नाही. धम्मपदाच्या सहस्सवग्गात तर शीलाविना जगलेल्या शंभर वर्षांपेक्षा शीलसंपन्न असा एक दिवस श्रेष्ठ ठरविला आहे.

मग आयुष्य कशाने घटते आणि कशाने वाढते? याचे उत्तर चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे. परंतु तिकडे वळण्यापूर्वी आपल्याच भूमीतील शिलालेखांची साक्ष काढू.

त्रिरश्मीची साक्ष

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत सातवाहन आणि क्षहरात राजवटींचे महत्त्वाचे प्राकृत लेख आहेत. लेणे क्रमांक ३ च्या ओवरीत गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष २४ मधील एक राजपत्र कोरलेले आहे. ते राजा आणि त्याची माता यांच्या वतीने गोवर्धन येथील अमात्य सामक याला उद्देशून आहे. राजमातेला त्यात 'जीवसुता' हे विशेषण आहे. जिचा पुत्र जिवंत आहे अशी ती माता. आणि अमात्याला प्रथम 'आरोग' म्हणजे निरोगी असण्याची शुभेच्छा कळविण्यास सांगितले आहे. मनुस्मृतीने शूद्रासाठी राखून ठेवलेला आरोग्याचा शब्द येथे एका राजाने आपल्या अमात्यासाठी वापरला आहे, हे लक्षणीय आहे.

त्या पत्राचा विषय असा : त्रिरश्मीवर राहणाऱ्या प्रव्रजितांना पूर्वी कखडी गावातील शेत दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेलेही नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने जमीन देण्यात येत आहे. राजाने दान दिले, आज्ञा लिहिली गेली, पण गावात माणूसच उरला नाही म्हणून दान निष्फळ झाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सरकारी कबुलीजबाब आम्हाला फार बोलका वाटतो.

लेणे क्रमांक १० मधील उषवदाताच्या लेखात दीर्घकाळ टिकण्याचा आणखी एक शब्द येतो: 'अखयनीवि', म्हणजे अक्षय ठेव. नहपानाचा जामात उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेतून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा: २००० वर वर्षाचे व्याज २४० आणि २० भिक्खूंचे १२ प्रमाणे २४०. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. दात्याने येथे 'चिरकाल जगा' असा आशीर्वाद दिलेला नाही. दरवर्षी पावसाळ्यात अंगावर वस्त्र मिळेल, अशी व्यवस्था लावली आहे. आयुष्य टिकते ते अशा व्यवस्थेमुळे, हे त्या काळच्या उपासकांना कळत होते.

सुत्ताचा सिद्धान्त

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजवंशाची कथा आहे. प्रजेचे आयुष्य ८०,००० वर्षे होते. पुढे एका राजाने संरक्षणाची व्यवस्था केली, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली. राजाने प्रथम चोराला धन देऊन पाहिले. मग धनाच्या लोभाने चोऱ्या वाढल्या, तेव्हा त्याने शिरच्छेदाची शिक्षा सुरू केली. लोकांनीही शस्त्रे बनविली. हत्या, असत्य, चहाडी, व्यभिचार असे एकेक वाढत गेले आणि पिढीगणिक आयुष्य घटत अखेर १० वर्षांवर आले. त्या काळी मुलींचे विवाह पाचव्या वर्षी होतील आणि लोक एकमेकांवर श्वापदासारखे तुटून पडतील, असे सुत्त सांगते. जे काही थोडे लोक रानात आणि डोंगरांत लपून कंदमुळांवर जगतील, ते बाहेर येऊन एकमेकांना मिठी मारतील, 'तू जिवंत आहेस' म्हणून आनंदतील आणि हत्या सोडण्याचा निश्चय करतील. तेथून आयुष्य पुन्हा वाढू लागेल: २०, ४०, ८० आणि पुढे.

यातील आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही. त्यामागील कार्यकारणभाव मात्र शब्दशः घेतला पाहिजे. समाजाचे आयुष्य घटते त्याची पहिली कडी धनाच्या अन्याय्य वाटपात आहे. व्यक्तीचे दैव, ग्रह किंवा पूर्वकर्म यांचा येथे उल्लेख नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा नियम समाजाला लावून दाखविणारे हे सुत्त आहे.

याची खातरजमा आजच्या आकड्यांनीही होते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या २०१८ च्या अहवालात आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे आणि इतरांचे ६७ वर्षे दिले आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील दलित स्त्रियांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे, तर उच्चवर्णीय स्त्रियांचे ५४.१ वर्षे होते. मृत्यूसमयीचे सरासरी वय आणि आयुर्मान ही दोन मापे भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवूनही या अंतराचा अर्थ लपत नाही. 'आयुष्मती' हा शब्द ज्या स्त्रियांच्या नावाआधी लिहिला जातो, त्यांच्याच आयुष्याची ही मोजदाद आहे.

हरसूलचा प्रश्न

त्रिरश्मीच्या लेखांतील गोवर्धन हे नाव नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूरजवळच्या गावाने आजही जपले आहे. तेथून आणखी पश्चिमेकडे, गुजरातच्या सीमेलगतच्या डोंगरांत त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल आहे. भोवतीच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी या जमातींची वस्ती आहे. नागली, वरई, भात ही येथील पिके. पाऊस प्रचंड पडतो आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. खरीप आटोपले की, कुटुंबेच्या कुटुंबे नाशिक, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलेही त्यांत असतात. मागे पाड्यावर राहतात ते म्हातारे.

शेत कसले जात नाही, गाव वसत नाही, ही गौतमीपुत्राच्या पत्रातील तक्रार हरसूलच्या पाड्यांना वर्षातले काही महिने तंतोतंत लागू पडते. आम्ही हे उदाहरण मुद्दाम घेतले. हरसूलचे आदिवासी बहुसंख्येने बौद्ध नाहीत. त्यांच्या देवता, त्यांचे सण वेगळे आहेत. परंतु 'आयुष्मान' हा शब्द जर आपण केवळ आपल्या पत्रिकांपुरता राखला, तर तो पुन्हा एका जातीचे बिरुद होईल. ज्या शब्दाने वर्णाचे कुंपण मोडले, त्यानेच नवे कुंपण घालावे, हे धम्माला मान्य होणार नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा विचार कृतीत आणला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. या भूमिकेमागे त्यांच्या घरातील दुःखही होते. माता रमाई आणि बाबासाहेब यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. १९२६ साली राजरत्न गेला. एकटे यशवंतराव जगले. त्रिरश्मीच्या लेखात राजमातेला अभिमानाने 'जीवसुता' म्हटले आहे. रमाईला ते विशेषण पाचांपैकी एकाच मुलाच्या नावाने लाभले आणि १९३५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, त्या स्वतः काळाच्या पडद्याआड गेल्या. त्यांच्या संसारातील हे मृत्यू दैवाने घडविले नव्हते. दारिद्र्याची ती किंमत होती.

चक्कवत्तिसीहनाद सुत्ताच्या अखेरीस तथागत भिक्खूंना सांगतात की, भिक्खूचे आयुष्य म्हणजे चार इद्धिपादांची भावना: छंद, वीरिय, चित्त आणि वीमंसा. सोप्या भाषेत, इच्छा, उद्यम, एकाग्रता आणि चिकित्सा. आयुष्य ही वर्षांची बेरीज न राहता येथे एक साधना बनते. उपासकांनाही हा अर्थ लागू आहे. हरसूलच्या पाड्यावरील गरोदर स्त्रीला मजुरीवाचून गावी राहता यावे, तिला पोटभर अन्न आणि वेळेवर उपचार मिळावेत, तिचे मूल पाच वर्षांचे व्हावे, यासाठी इच्छा, उद्यम, एकाग्रता आणि चिकित्सा लागते. उषवदाताच्या अक्षय ठेवीसारखी, मुद्दलाला हात न लावता दरवर्षी चालणारी व्यवस्था लागते.

आपल्या विहारांतून दरवर्षी वर्षावासानिमित्त दान गोळा होते. त्यातील काही भाग अशा व्यवस्थेकडे वळविला जावा, असे आम्हांस वाटते. नावाआधी 'आयु.' लिहिणे हा आपण जिंकून घेतलेला अधिकार आहे. दुसऱ्याच्या नावाआधी तो शब्द खरा ठरविणे हे त्या अधिकारातून येणारे कर्तव्य होय.